डाव्या पायाची सुट्टी : ऑटोमॅटिक गाडीसाठी घेतलेले पाच तास

चोवीस वर्षे क्लचची गाडी चालवल्यानंतर डाव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली, म्हणून यंदा मी ऑटोमॅटिक गाडी घेतली. शोरूममधल्या मुलाने किल्ली देताना ‘आता काय, दोनच पेडल’ असे सांगितले आणि तेवढ्यावर विसंबून मी गाडी घरी आणली. सोसायटीच्या फाटकापाशी वेग कमी करताना डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. तिथे क्लच नव्हता, ब्रेकचे रुंद पेडल होते. गाडी जागच्या जागी थबकली, मागच्या सीटवरच्या पिशवीतले कांदे माझ्या पायांपर्यंत घरंगळत आले आणि पाठीमागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवले ते इथे लिहिण्याजोगे नाही. दुसऱ्याच दिवशी चेंबूरमधल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये, क्लचवरून ऑटोमॅटिकवर येणाऱ्यांसाठी असलेल्या पाच तासांच्या वर्गात मी नाव घातले. फी साडेतीन हजार रुपये.

शिकवणारा तरुण तिशीतला होता. पहिली पंधरा मिनिटे त्याने इंजिन सुरूच करू दिले नाही. “डाव्या पायाला कामच द्यायचं नाही, काका. तो तिकडे ठेवून द्या,” असे म्हणून त्याने अगदी डावीकडची, पाय टेकवण्यासाठी असलेली जागा दाखवली. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवायची आणि चवडा वळवून ॲक्सिलरेटरवर न्यायचा, म्हणजे पाय परत फिरला की आपोआप ब्रेकवरच येतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. माझ्या पायांतली कोल्हापुरी पाहून त्याने मान हलवली. सैल चप्पल पेडलखाली अडकते, तेव्हा उद्यापासून बूट, असे बजावले.

माझी शंका सरळ होती. डावा पाय रिकामाच आहे, तर त्याने ब्रेक का दाबू नये? साठच्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. पाय एका पेडलवरून दुसऱ्यावर नेण्यात पाव सेकंद गेला तरी चार मीटर अंतर हातचे गेले. यावर ‘तसं करायचं नसतं’ एवढेच उत्तर मिळाले आणि मला ते मुळीच पटले नाही. शिक्षकाकडून कारणाची अपेक्षा असते. मी हट्ट सोडत नाही हे पाहून त्याने सकाळच्या मोकळ्या रस्त्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली डॅशबोर्डवरच्या सपाट जागी उभी केली, वेग वीसवर ठेवायला लावला आणि आधी उजव्या पायाने थांबायला सांगितले. बाटली किंचित डुलली आणि उभी राहिली. मग डाव्या पायाने. मी शक्य तितक्या हळुवारपणे दाबले असे मला वाटत होते, तरी बाटली थेट काचेवर आपटली. चार वेळा करून पाहिले, चारही वेळा तेच झाले.

कारण बाटलीनेच समजावले. क्लच म्हणजे तळापर्यंत दाबायचे आणि सोडताना जपायचे पेडल. ब्रेकला नेमके उलटे, दाबतानाच जपावे लागते. माझ्या डाव्या पायाची चोवीस वर्षांची शिकवण ब्रेकच्या बरोबर विरुद्ध आहे. शिवाय ब्रेकवर टेकून राहिलेला पाय नकळत मागचे लाल दिवे पेटते ठेवतो, त्यामुळे आपण खरोखर कधी थांबतो आहोत ते मागच्याला कळत नाही. दचकल्यावर शरीर ताठ होते आणि दोन्ही पाय एकदम खाली जातात, हा धोका तर सर्वांत मोठा. अशा वेळी इंजिनाची ताकद तोडणारी यंत्रणा आजच्या बऱ्याच गाड्यांत असते, पण तिच्या भरवशावर सवय लावून घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. शर्यतीतले चालक डाव्या पायाने ब्रेक दाबतात हे खरे आहे, गो-कार्टमध्ये तर ब्रेक डावीकडेच असतो; मात्र त्यांनी तो पाय त्यासाठी घडवलेला असतो, आणि त्यांना अमर महालच्या सिग्नलला उभे राहायचे नसते.

आता तक्रारी. या शाळेकडे ऑटोमॅटिक गाडी एकच आहे आणि तिसऱ्या दिवशी ती दुसऱ्या विद्यार्थ्याकडे असल्याने माझ्यापुढे क्लचची गाडी उभी केली गेली. डावा पाय जेमतेम शांत झाला असताना त्याला पुन्हा जुने काम देणे म्हणजे दोन दिवसांच्या मेहनतीवर पाणी. मी नकार दिला आणि तास पुढे ढकलून घेतला. दुसरे म्हणजे, चढाचा सराव अभ्यासक्रमातच नव्हता. माझी गाडी एएमटी आहे, म्हणजे आत क्लच आहेच, फक्त तो यंत्र दाबते. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरली तर तो क्लच तापतो आणि झिजतो. जुन्या हाफ क्लचच्या, म्हणजे क्लच अर्धवट दाबून चढावर गाडी तोलून धरण्याच्या, सवयीने आपण नेमके तेच करतो. मी मागितल्यावर शेवटच्या दिवशी सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या पुलाच्या चढावर, रांगेत, वीस मिनिटे सराव मिळाला, आणि सगळ्या वर्गात सर्वाधिक उपयोग त्याचाच झाला. पाय ब्रेकवरून उचलताच गाडी मागे येऊ लागते, तेव्हा डाव्या पायाने ब्रेक धरण्याचा मोह कसा होतो आणि त्याऐवजी हँडब्रेक कसा वापरायचा, हे तिथेच कळले.

क्लचवर हात बसलेल्यांनी हा वर्ग जरूर करावा, मात्र फी भरण्यापूर्वी पाचही तास ऑटोमॅटिक गाडीच मिळेल हे कबूल करून घ्यावे. पुढच्या महिन्यासाठी मी पत्नीचे नाव घातले आहे आणि चढाचा एक पूर्ण तास पावतीवरच लिहून घेतला आहे.