बोअर पुनर्भरण आणि शोषखड्डा: वरूडच्या एका ठेकेदाराच्या कामाविषयी

संत्र्याच्या बागांपायी बोअरवर बोअर पाडण्याची चढाओढ वरूड तालुक्यात जुनीच आहे, आणि भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांमध्ये वरूड-मोर्शीची नावे वर्षानुवर्षे येत आहेत. साहजिकच पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीखाली परत सोडण्याची, कामे घेणारे ठेकेदारही इकडे वाढले. त्यांपैकी एकाकडून घराच्या स्लॅबचे पाणी बोअरमध्ये सोडणे आणि न्हाणी-मोरीचे सांडपाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा अशी दोन्ही कामे करून घेतली, आणि आता एक पावसाळा उलटला आहे.

या ठेकेदाराची सर्वांत मोठी जमेची बाजू ही, की दोन्ही पाणी एकत्र करण्यास त्याने साफ नकार दिला. आपल्याकडील काळा पाषाण रेतीसारखा पाणी गाळत नाही. पाणी त्याच्या भेगांतून वेगाने पुढे सरकते, आणि त्यामुळे बोअरमध्ये थेट सोडलेले साबणाचे पाणी जवळजवळ तसेच शेजाऱ्याच्या विहिरीत उतरू शकते. शोषखड्डाही त्याने विहिरीपासून 50 फुटांहून लांब घेतला. काळ्या मातीत खड्डा खणून गिट्टी भरली की काम संपले, असे समजणारे पुष्कळ आहेत. ही माती ओली झाली की फुगते आणि पाणी वरच तुंबते. याने पाणी मुरवणारा मुरूम (झिजलेल्या खडकाचा भुसभुशीत थर) लागेपर्यंत खोदले, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी बसवली आणि भोवती गिट्टी भरली. ऐन पावसाळ्यातही अंगणात डबके झाले नाही, डासही कमी आहेत.

छपराच्या पाण्याबद्दल मात्र अपेक्षा मोजून ठेवाव्यात. 1000 चौरस फुटांच्या स्लॅबवर 800 मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण 74 हजार लिटर पाणी होते. घराला ते मोठेच आहे. पण उन्हाळ्यात एका संत्र्याच्या झाडाला दिवसाला 100 लिटर धरले, तरी 300 झाडांची बाग तेवढे पाणी अडीच दिवसांत संपवते. पुनर्भरण केले म्हणून उपसा वाढवायला मोकळीक मिळाली, असा हिशेब कोणी करू नये.

उणिवा देखभालीत आहेत. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्याचा व्हॉल्व्ह इतका उंच बसवला आहे, की दरवेळी शिडी लावावी लागते. गाळणीतील रेती कडुनिंबाच्या पाल्याने श्रावणातच चोंदली. ती केव्हा आणि कशी धुवावी, हे विचारल्याशिवाय कोणी सांगितले नव्हते. बिलही एकठोक दिले, त्यामुळे खोदाईचे किती आणि पाइपांचे किती ते कळत नाही.

शिवाय ही सोय एका घरापुरतीच आहे. नागपूरचे सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध होऊन कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते आणि तितके ताजे पाणी वाचते. मात्र त्यासाठी आधी सांडपाणी एके ठिकाणी आणणाऱ्या वाहिन्या लागतात. आमच्यासारख्या उघड्या नाल्यांच्या गावात तूर्त शोषखड्डाच परवडतो.

मुरूम हाताशी लागणाऱ्या गावांत हे काम जरूर करून घ्यावे, मात्र देखभालीचे कलम कागदावर लिहून घेऊनच. दर्यापूरकडच्या खारपाण (खाऱ्या भूजलाच्या) पट्ट्यातील आमच्या सोयऱ्यांनी याच ठेकेदाराला बोलावले होते; तिथला खोल गाळ पाहून, असा खड्डा इथे चालणार नाही असे सांगून, तो काम न घेताच परतला.