‘हायरूल हिस्टोरिया’ : छापील कालक्रम आणि न मिटलेला वाद

‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ या निन्टेंडोच्या गेम-मालिकेतील कोणती कथा आधी घडली आणि कोणती नंतर, हा प्रश्न चाहत्यांनी जवळपास पंचवीस वर्षे चघळला. त्या प्रश्नाला कंपनीच्या संमतीने मिळालेले पहिले सविस्तर छापील उत्तर म्हणजे ‘हायरूल हिस्टोरिया’ हे पुस्तक होय. मालिकेतील पहिला गेम फेब्रुवारी 1986 मध्ये जपानात आला आणि रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेने डिसेंबर 2011 मध्ये या पुस्तकाची जपानी आवृत्ती काढली. डार्क हॉर्सची इंग्रजी आवृत्ती जानेवारी 2013 मध्ये आली व प्रस्तुत परीक्षण तिचेच आहे. पावणेतीनशे पानांच्या आसपासच्या या मोठ्या आकाराच्या ग्रंथात चित्रे, आराखडे आणि एक छोटी मांगा चित्रकथाही आहे. परंतु लोक तो विकत घेतात ते मधल्या विभागासाठी, ज्यात हायरूल या काल्पनिक राज्याचा सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा इतिहास सलग सांगितला आहे.

या विभागाचे मोल कळण्यासाठी 2011 पूर्वीची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. झेल्डा मालिकेतील बहुतेक गेममध्ये नायकाचे नाव लिंक, राजकन्येचे नाव झेल्डा आणि खलनायक बहुधा गॅनन असतो. मात्र प्रत्येक वेळी ही माणसे तीच असतात असे नाही. 1991 साली आलेल्या ‘अ लिंक टू द पास्ट’च्या अमेरिकी खोक्यावर, यातील लिंक व झेल्डा हे आधीच्या गेममधील दोघांचे पूर्वज आहेत, असे स्पष्ट छापले होते. असे असूनही 1998 मध्ये ‘ओकारिना ऑफ टाइम’ प्रकाशित होत असताना मालिकेचे जनक शिगेरू मियामोतो यांनी एका मुलाखतीत जो क्रम सांगितला, त्यात ‘ओकारिना’ पहिला, त्यानंतर मूळचे दोन गेम आणि सर्वांत शेवटी ‘अ लिंक टू द पास्ट’ होता. खोका एक सांगतो आणि निर्माता दुसरे, तेव्हा प्रमाण कोणाला मानायचे? गेममध्ये प्रत्यक्ष दिसते ते, सोबतच्या माहितीपुस्तिकेत छापलेले, की निर्माता मुलाखतीत बोलून गेला ते, या तीन प्रमाणांची उतरंड प्रत्येक चाहत्याने आपापल्या परीने लावली आणि वादाचे खरे मूळ तेथेच होते.

त्यातच ‘ओकारिना’चा शेवट दुहेरी आहे. त्यातील लिंक सात वर्षे पुढच्या काळात जाऊन तरुणपणी गॅननला हरवतो आणि मग झेल्डा त्याला पुन्हा बालपणात पाठवते. म्हणजे नायक निघून गेलेले भविष्य एका बाजूला राहिले आणि नायकाने परत येऊन बदललेला भूतकाळ दुसऱ्या बाजूला. ‘विंड वेकर’ पहिल्या शाखेत बसतो, तर ‘मेजोराज मास्क’ आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ दुसऱ्या शाखेत, हे अनेक अभ्यासू चाहत्यांनी पुस्तक येण्याच्या बरेच आधी ताडले होते. निर्माता एइजी आओनुमा यांच्या बोलण्यातूनही या दुभंगाला दुजोरा मिळत होता. जुने गेम मात्र या दोन्ही शाखांत नीट बसेनात.

‘हायरूल हिस्टोरिया’ने येथे तिसरी शाखा काढली. अंतिम लढाईत लिंक हरला, गॅननला पूर्ण शक्ती मिळाली आणि ऋषींनी शेवटचा उपाय म्हणून त्याला बंदिस्त केले, असे तिचे सूत्र आहे आणि ‘अ लिंक टू द पास्ट’पासून मूळच्या दोन गेमपर्यंतची कथा याच शाखेवर लावली आहे. कोणत्याही गेममध्ये न दाखवलेला पराभव अख्ख्या शाखेचा पाया करावा, ही गोष्ट अनेकांना पटली नाही. ‘जागा सापडेना म्हणून अडगळीची खोली बांधली,’ असा शेरा आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतील मित्रमंडळात एकाने मारला होता. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. ‘अ लिंक टू द पास्ट’च्या पुस्तिकेतील पूर्वकथा काळजीपूर्वक वाचली, तर तेथे म्हटले आहे की पवित्र तलवार पेलू शकेल अशा वीराचा शोध ऋषी आणि सरदार घेत राहिले, पण तो सापडण्यापूर्वीच गॅननचे सैन्य चालून आले. सरदारांनी प्राण पणाला लावून शत्रूला थोपवले आणि तेवढ्या अवधीत ऋषींनी गॅनन होता त्या भूमीचे प्रवेशद्वार बंद केले. त्या युद्धात विजयी नायक नाहीच. ‘ओकारिना’त मात्र तलवार पेलणारा नायक आहे आणि तो जिंकतो. या दोन गोष्टी एकाच इतिहासात नांदायच्या असतील, तर नायक रणांगणावरून नाहीसा झाला असे मानण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. तिसरी शाखा ही म्हणूनच निव्वळ सोय नाही. तिच्यामागे जुन्या पुस्तिकेतला बऱ्यापैकी भक्कम आधार आहे.

आणि माझा या पुस्तकावरचा मुख्य आक्षेप नेमका येथे सुरू होतो. हा आधार पुस्तक कोठेही युक्तिवाद म्हणून मांडत नाही. ते फक्त निकाल देते. कोणते विधान गेममधून घेतले, कोणते पुस्तिकेतून, कोणते संपादकांनी सांधेजोड करण्यासाठी नव्याने लिहिले, हे कळण्याची काहीही सोय कालक्रमाच्या विभागात नाही.

परस्परविरोधी पाठांतून एक ग्राह्य पाठ निश्चित करण्याचे शास्त्र मराठी वाचकाला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभले आणि ते 1966 मध्ये पूर्ण केले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून संपादकांनी जो पाठ स्वीकारला, त्याच्या खाली प्रत्येक पानावर त्यांनी नाकारलेले पाठभेदही छापले आणि मोठे प्रक्षेप, म्हणजे मागाहून घातलेले भाग, परिशिष्टात दिले. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहून घ्यावे, ही घराघरांत ठाऊक असलेली कथा संहितेतून वगळून परिशिष्टात गेली. परंतु ती नष्ट झाली नाही आणि कोणत्या प्रतींत ती आढळते हे वाचकाला आजही तपासता येते. संपादक सुकथनकरांशी मतभेद असलेला अभ्यासक त्यांच्याच आवृत्तीतील सामग्री घेऊन त्यांच्याशी भांडू शकतो. ‘हायरूल हिस्टोरिया’शी असे भांडता येत नाही, कारण नाकारलेले त्यात दिसतच नाही. फिलिप्सच्या सीडी-आय यंत्रासाठी 1990 च्या दशकात निघालेले तीन झेल्डा गेम कालक्रमात नाहीत. ते वगळले जाणे योग्यच आहे, त्यांच्यासाठी डोळे गाळणारा चाहता मला तरी भेटलेला नाही. पण त्यांना का वगळले याविषयी एक ओळ लिहायला हरकत नव्हती. कॅनन, म्हणजे अधिकृत मानली जाणारी कथा, ठरवताना गप्प राहणे हीसुद्धा एक भूमिकाच असते.

करमणुकीच्या पुस्तकाकडून संशोधनग्रंथाची शिस्त मागणे अवाजवी आहे, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य झाले असते, जर पुस्तकाने ‘इतिहास’ हा आव आणला नसता आणि वाचकांनी त्याला निर्णायक पुरावा म्हणून वापरले नसते. संपादकांच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे : येथे नोंदवलेली माहिती सध्या खरी मानली जाणारी आहे आणि कथा सांगणारे बदलतील तसा हायरूलचा इतिहासही बदलेल, अशा आशयाचे निवेदन पुस्तकातच आहे. ते प्रामाणिक आहे. अडचण अशी की शाखांचा आलेख सर्वांनी पाहिला आणि हे निवेदन फार थोड्यांनी वाचले.

निवेदन किती खरे होते, हे पुढच्या काळात दिसून आले. ‘हिस्टोरिया’त ‘ऑरेकल’ जोडगोळीतील गेम आधी आणि ‘लिंक्स अवेकनिंग’ नंतर असा क्रम असून तिन्हींत एकच लिंक मानला आहे. त्यानंतर 2017 मध्ये जपानात निघालेल्या अधिकृत झेल्डा ज्ञानकोशात हा क्रम उलटला आणि ‘ऑरेकल’चा लिंक वेगळा ठरला. सहा वर्षांत अधिकृत उत्तर बदलले, आणि तेही कारण न देता. 2017 मधीलच ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ इतक्या दूरच्या भविष्यात ठेवला गेला की तो कोणत्या शाखेच्या टोकाला आहे हा प्रश्नच निरर्थक व्हावा. पुढे मे 2023 मध्ये ‘टिअर्स ऑफ द किंग्डम’ आला आणि त्याने हायरूलचा पहिला राजा म्हणून राउरू व त्याची राणी सोनिया यांना उभे केले, गॅननडॉर्फशी, म्हणजे मानवी रूपातील गॅननशी, झालेल्या एका प्राचीन युद्धाची कथा सांगितली आणि त्या युद्धाला ‘अ लिंक टू द पास्ट’च्या पूर्वकथेतील युद्धाचेच नाव दिले. ‘ओकारिना’तही राउरू नावाचा ऋषी आहेच. हे जुन्या राज्याच्या विनाशानंतर स्थापन झालेले नवे राज्य, की सगळ्या शाखांच्या आधीचे मूळ राज्य, यावर आता दोन तट पडले आहेत आणि ‘हिस्टोरिया’ दोन्हींना काही मदत करू शकत नाही. 2011 च्या पुस्तकाकडून तशी अपेक्षाही नाही. पण नवा ग्राहक आज पैसे मोजताना हे जाणून असावा.

कोल्हापुरात या पुस्तकाचा उपयोग ज्या रीतीने होतो, त्याचा उल्लेख केल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. निन्टेंडोची यंत्रे भारतात अधिकृतपणे विकली जात नाहीत. आमच्यासारख्यांकडे ती परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा आयात माल विकणाऱ्या खासगी दुकानदारांकडून येतात, आणि जुन्या पिढीतील गेम तर बहुतेकांनी स्वतः खेळलेलेच नाहीत. त्यांची कथा त्यांनी दुसऱ्याचे खेळणे पडद्यावर पाहून आत्मसात केली आहे. जपान-अमेरिकेतील चाहता आधी गेम खेळला आणि नंतर त्याला कालक्रम मिळाला. येथे क्रम उलटा आहे. येथे आधी आलेख पाठ होतो आणि मग त्यातला एखादा गेम हाती येतो. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून चाललेल्या चर्चेत ‘पुस्तकात छापलंय म्हटल्यावर विषय कट, भावा’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ज्याने मूळ गेम खेळला आहे तो निदान ‘पण त्या गावातला म्हातारा वेगळेच सांगतो की’ असे म्हणून उत्तर देऊ शकतो. ज्याने केवळ सारांश वाचला त्याच्यासाठी सारांश हीच संहिता बनते. पाठभेद न देणाऱ्या संपादनाची किंमत अशा ठिकाणी अधिक मोजावी लागते.

इतर मालिकांनी हा पेच निराळ्या तऱ्हेने हाताळला आहे. 1996 च्या ‘द एल्डर स्क्रोल्स : डॅगरफॉल’चे शेवट परस्परांना छेद देणारे होते. पुढील गेमच्या कर्त्यांनी त्यांपैकी एक निवडण्याऐवजी, काळच तात्पुरता मोडला आणि ते सगळे शेवट एकाच वेळी घडले, असे ठरवून टाकले. त्या जगातील ग्रंथही त्या जगातल्या पक्षपाती लेखकांनी लिहिलेले असल्यामुळे विसंगती हा तेथे दोष न राहता पुराव्याचा भाग होतो. ‘हेलो’च्या बाबतीत 2001 च्या एका अधिकृत कादंबरीने रीच ग्रहाच्या पाडावाचा जो वृत्तान्त दिला, त्याच्याशी 2010 चा ‘हेलो : रीच’ अनेक तपशिलांत जुळला नाही आणि कादंबरीचे वाचक दुखावले. या दोहोंच्या मानाने झेल्डाचा मार्ग मधला आहे. मला स्वतःला ‘एल्डर स्क्रोल्स’ची युक्ती अधिक प्रगल्भ वाटते, जरी ती थोडी चलाखीची असली तरी.

पुस्तकाची निर्मिती मात्र उत्तम आहे. हिरव्या कठीण बांधणीवरील सोनेरी नक्षी देखणी आहे, छपाई स्वच्छ आहे आणि पहिल्या विभागातील ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ची रेखाटने, तसेच शेवटाकडील जुन्या गेमची टाकून दिलेली पात्ररूपे व हस्तलिखित टिपणे पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. गंमत अशी की पाठभेद दाखवण्याची जी वृत्ती कालक्रमात नाही, ती चित्रांच्या विभागात पुरेपूर आहे : लिंकचा कोणता पोशाख सुचला आणि कोणता राहून गेला, हे तेथे शेजारी शेजारी मांडलेले दिसते. आकिरा हिमेकावा या नावाने काम करणाऱ्या दोघींची चित्रकथा वाचनीय आहे, पण तिच्यातील प्रसंग इतिहासात धरायचे की नाही, हे सांगितलेले नसल्यामुळे तिने वादात आणखी एक पोटवाद निर्माण केला आहे.

मूळ छापील किंमत 34.99 डॉलर होती. आपल्याकडे आयातीमुळे ती विक्रेत्यागणिक बरीच बदलते, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी भाव पाहूनच मागणी नोंदवावी. कोल्हापुरातील पुस्तकांच्या दुकानांत ते चाळायला मिळेल या भरवशावर राहू नये. ज्याने मालिकेतील निदान ‘ओकारिना’ आणि ‘अ लिंक टू द पास्ट’ हे दोन गेम पूर्ण केले आहेत, त्याने चित्रांसाठी आणि तिसऱ्या शाखेच्या कल्पनेसाठी ते जरूर घ्यावे. ज्याने एकही गेम खेळलेला नाही, त्याने तेवढे पैसे आधी गेमवर खर्च करावेत. आणि ज्याला केवळ गटातील भांडण जिंकण्यासाठी ते हवे आहे, त्याने सोबत 2017 च्या ज्ञानकोशाची इंग्रजी आवृत्तीही मागवावी, कारण समोरचा ती घेऊन येण्याची शक्यता आहे.