वाटीखालचा पट्टा : यवतेश्वरचा घाट पळणाऱ्यांनी घ्यावा का?

पावसाळा लागला की साताऱ्यात समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या घाटात पहाटे पळणारे वाढतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गुडघ्याला काही ना काही बांधलेलं असतं. हिल हाफ मॅरेथॉनची तयारी म्हणजे २१.१ किलोमीटर. त्यातला पहिला निम्मा भाग मुख्यतः चढ आणि परतताना तोच रस्ता उतार. गुडघा कुरकुरतो तो बहुतेक उतारावर. मग मेडिकलमध्ये जाऊन 'गुडघ्याचा पट्टा द्या' म्हटलं की दुकानदार जो हाताला येईल तो काढून देतो. इथे परीक्षण आहे ते त्यातल्या एकाच वस्तूचं : गुडघ्याच्या वाटीच्या खाली बांधायचा अरुंद पट्टा, पुढे गादी आणि मागे वेल्क्रो. दुकानात 'पटेला स्ट्रॅप' म्हणून मागावा लागतो. एका तक्रारीवर तो चांगलं काम करतो, बाकीच्यांवर पैसे वाया. पाचपैकी साडेतीन.

ती एक तक्रार कोणती, हे बोटाने कळतं. खुर्चीवर बसा, पाय सरळ करून सैल सोडा आणि वाटीचं खालचं टोक अंगठ्याने दाबा. तिथेच, रुपयाएवढ्या जागेत, 'हं, हेच ते' असं दुखत असेल तर वाटीपासून नडगीच्या उंचवट्यापर्यंत दोरीसारख्या जाणाऱ्या टेंडनची तक्रार असण्याची शक्यता जास्त. पट्टा याच टेंडनवर दाब देतो, त्यामुळे ओढीचा ताण थोडा बदलतो आणि कळ कमी जाणवते. टेंडन त्याने बरा होत नाही. वाटीच्या आजूबाजूला किंवा मागे मोघम दुखत असेल, जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून बसल्यावर वाढत असेल, तर ते वाटीच्या सांध्याचं दुखणं. तिथे पट्ट्याने काहींना आराम पडतो, काहींना वाटीवर उलट दाब येतो. आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकापाशी, पळायला लागून ठरावीक अंतर झालं की कळ सुरू होत असेल, तर तो मांडीच्या बाहेरून येणारा चिवट, पट्टीसारखा आयटी बँड. घाट उतरणाऱ्यांची ही अगदी नेहमीची तक्रार, आणि वाटीखालचा पट्टा तिच्या जागेपर्यंत पोचतच नाही. तरी लोक तोच बांधतात.

घेण्याआधी एक चाचणी करा. दुकानदार ओळखीचा असेल तर दुकानाच्या पायरीवरच जमते. साधारण १५ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच हळूहळू खाली टेकवायची, तीन सेकंद मोजत. दहा वेळा. दुखणं दहापैकी किती ते लक्षात ठेवा. मग पट्टा बांधून पुन्हा दहा वेळा. निदान दोन अंकांनी उतरलं तर घ्या, नाहीतर पैसे खिशात ठेवा. अनेकदा फरक पडतो तो 'काहीतरी बांधलंय' या भरवशाचा. तसं वाटलं तर तासाभराने पुन्हा करून बघा.

बांधण्यातच निम्मे लोक चुकतात. पट्टा वाटीवर नको आणि खालच्या हाडाच्या उंचवट्यावरही नको, दोन्हींच्या मधल्या मऊ जागेत बसायला हवा. गुडघा किंचित वाकवा, गादी बरोबर मध्ये ठेवा, वेल्क्रो ओढा. बोट सरकेल इतका सैल, पण धक्का दिला तर न हलणारा, असा आवळा. मग उभं राहून अर्धी बैठक मारा. वर सरकून वाटीच्या कडेला लागत असेल तर एक घर आवळा, आणि घसरून उंचवट्यावर बसत असेल तर तो तुमच्या मापाचा नाही. बकल किंवा वेल्क्रोची जाड घडी पायाच्या बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका. तिथे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक नस जाते. ती दाबली की पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात आणि माणूस बुटाला दोष देतो. मुंग्या आल्या की थांबून लगेच सैल करायचा. दहाएक मिनिटं पळून पाय तापले की एकदा तपासा, कारण सुरुवातीचं माप तेव्हा राहत नाही.

मालातला फरक गादीत आहे. फोमची गादी घामाने आणि पावसाने काही आठवड्यांत चपटी होते. रबराची किंवा सिलिकॉनची गोल नळी जास्त दिवस आकार धरते, पण सुरुवातीला बोचते. शिलाई कडेने दुहेरी आहे ना ते बघा, आणि वेल्क्रो दहा-बारा वेळा काढून-लावून बघा. स्वस्तातल्या पट्ट्याचं पहिलं मरण वेल्क्रोचंच. निओप्रिनचा असेल तर त्या रबरातल्या रसायनांनी काहींच्या कातडीवर पुरळ येतो. लाल चट्टा दिसला तर आतून कापडी अस्तर असलेला घ्या.

मापाचं सांगायचं तर डब्यावर लिहिलेली मापण्याची जागा वाचा. पट्ट्याला वाटीखालचा घेर लागतो, नीकॅपला कुणी वाटीवरून घेतं तर कुणी वर मांडीवरून. आधीची नीकॅप एम होती म्हणून पट्टाही एम, असं चालत नाही.

त्या नीकॅपबद्दल दोन ओळी. नळीसारखी, जोडीने मिळते, गुडघा गरम ठेवते आणि आधार वाटतो. म्हाताऱ्या माणसांना चालायला ठीक, पण घाटात पावसात भिजली की जड होऊन खाली गुंडाळते आणि गुडघ्यामागे घासते. लोखंडी पट्ट्या असलेला बिजागरीचा ब्रेस पळायला घेऊच नका. लिगामेंट दुखावलेल्यांना तो ऑर्थोपेडिक डॉक्टर देतात. रंगीत किनेसिओ टेप बाहेरच्या आयटी बँडवर काहींना तात्पुरता बरा वाटतो. मात्र कातडी कोरडी, बिनतेलाची आणि केस कमी असतील तरच चिकटतो, आणि टोकं गोल कापली नाहीत तर शर्यतीच्या निम्म्यात सुटतो.

पट्टा बांधून थेट यवतेश्वरला जाऊ नका. आधी शाहू स्टेडियमच्या सपाट ट्रॅकवर किंवा गावातल्या सपाट रस्त्यावर दोन-तीन वेळा पळा. मग घाट चढून जा आणि उतरताना दुचाकीवर मागे बसून या. विनोद वाटेल, पण दुखऱ्या गुडघ्याला घाटाची सवय लावायचा हा चांगला मार्ग आहे. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ब्रेक दाबत असतात आणि तो सगळा भार वाटीतून जातो. उतरायला सुरुवात कराल तेव्हा पाऊल आखूड ठेवा आणि मिनिटाला पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा. लांब टांग टाकून टाचेवर आदळत आलात तर कोणताही पट्टा उपयोगाचा नाही. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसाइतकंच असलं तर चालेल. वाढलं तर पुढच्या वेळी अंतर कमी करा.

खरा खर्च पट्ट्याचा नाही, व्यायामाच्या वेळेचा आहे. टेंडनच्या दुखण्याला भिंतीला पाठ टेकून अर्ध्या बैठकीत ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. सवय झाली की वर सांगितलेली पायरी, १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. आयटी बँडवाल्यांनी कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलायचा, १५ वेळा, तीन फेऱ्या. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. शर्यत तीन आठवड्यांवर असताना पट्टा घेणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा वाचावेत.

पट्ट्याबरोबर काउंटरवरून डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊन पळू नका. दुखणं झाकलं जातं आणि घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण येतो. गुडघा पिळवटून काही तासांत सुजला, अडकला, दगा देऊ लागला किंवा वजनच पेलेना, तर पट्टा न घेता थेट ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे.

धुताना वेल्क्रो बंद करून, साध्या साबणाने, हाताने. उघडा ठेवला तर धागे अडकून पकड जाते. सावलीत वाळवा. पावसाळ्यात रात्रीत वाळत नाही, त्यामुळे रोज पळणाऱ्यांनी दोन ठेवावेत. शर्यतीच्या सकाळी नवाकोरा काढू नका.