विमानाचं अंतर सांगणारी वेबसाइट : 'ग्रेट सर्कल मॅपर'

परभणीत आता गल्लोगल्ली कुणाचं ना कुणाचं लेकरू परदेशात आहे. जन्मभर भूगोल शिकवला म्हणून आईवडील मलाच विचारायला येतात, "सर, मुंबईहून सॅन फ्रान्सिस्को किती लांब? किती तास बसावं लागतं?" त्यातल्या पहिल्या प्रश्नासाठी मी 'ग्रेट सर्कल मॅपर' उघडतो. फुकट आहे. चौकटीत दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकायचे, बीओएम-एसएफओ असे. अंतर येतं साधारण १३,५०० किलोमीटर, आणि नकाशावर रेषा उमटते.

ही रेषा बघण्यासारखी आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर वाट अरबस्तान, आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. इथली रेषा मुंबईतून उत्तरेकडेच निघते. लडाख, चीन, सायबेरिया, मग आर्क्टिक महासागर आणि अलास्कावरून खाली. वर्गात मी पृथ्वीगोलावर मुंबईवर दोरा अंगठ्यानं दाबून धरायचो आणि दुसरं टोक ताणायला पोरांना द्यायचो. ताण बसला की दोरा आपोआप वर ध्रुवाकडे सरकायचा. गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर तेच. ही साइट तेच क्षणात दाखवते, म्हणून माझ्या मनात तिला फार मान आहे.

वाटेत थांबा असेल तर मधला कोड घालायचा. दुबईमार्गे पाहिलं की जवळपास दीड हजार किलोमीटरचा फेरा दिसतो. तिकिटातला फरक पटतो की नाही, ते मग घरच्यांनी ठरवावं.

पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यातून काढू नका, हे मी प्रत्येकाला बजावतो. अंतराला वेगानं भागलं की वेळ मिळाला, असं आकाशात होत नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. एअर इंडियानं २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. वाट लांबून सुमारे १५,३०० किलोमीटरची झाली, तरी पाठीवर वारा असल्यामुळे विमान आधीपेक्षा लवकर, साडेचौदा तासांच्या आसपास पोचू लागलं. शिवाय एखाद्या देशानं हवाई हद्द बंद केली की वळसा आलाच. साइटला यातलं काही कळत नाही, ती फक्त भूमिती सांगते. तासांसाठी विमान कंपनीचं वेळापत्रक बघावं. त्यातल्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात. सॅन फ्रान्सिस्को आपल्यामागे उन्हाळ्यात साडेबारा तास, हिवाळ्यात साडेतेरा. हा हिशेब न केल्यानं म्हातारी माणसं फार गोंधळतात.

सगळा मजकूर इंग्रजीत आहे, हीच काय ती अडचण. आजीआजोबांना कोड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यावेत.

आणि आपल्याकडच्यांनी आपला पल्लाही धरावा. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबई, पुढं विमानतळ, तिथं आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी हजेरी. छत्रपती संभाजीनगरहून मुंबईचं विमान मिळालं तर हवेतलं अंतर २८० किलोमीटरच्या आत आहे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मी तेच सुचवतो, फक्त मुंबईत मध्ये भरपूर वेळ ठेवून तिकीट काढा.