युद्धाच्या बातम्या, चढतं सोनं: वेढणं की ईटीएफ?

फेब्रुवारी 2022 मध्ये रशिया युक्रेनमध्ये घुसला तेव्हाही शेअर आपटले, सोनं चढलं. आता भाचा विचारतोय, "मामा, वेढणं घेऊ की गोल्ड ईटीएफ?" वेढणं म्हणजे चोख सोन्याचं साधं वळं; गोल्ड ईटीएफ म्हणजे सोन्यात पैसे लावणारा फंड, शेअरसारखा बाजारात घ्यायचा-विकायचा.

खर्च बघ. वेढण्यावर 3 टक्के जीएसटी, शिवाय मजुरी. मोडायला गेलास की सराफ घट धरणार ती वेगळीच. ईटीएफच्या किमतीवर जीएसटी नाही. पण फंडाचा खर्च कापला जातो, डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) लागतं. त्यात उलाढाल कमी असेल तर खरेदी-विक्रीच्या भावात बरंच अंतर पडतं, म्हणून आपला भाव आधी ठरवून लिमिट ऑर्डरच टाक. दीर्घकालीन नफ्यावर दोन्हीकडे 12.5 टक्के कर, मात्र ईटीएफला 12 महिन्यांनंतर, वेढण्याला 24.

सांभाळायची कटकट वेढण्यालाच.

दोनेक वर्षांत पैसे मोकळे करायचे तर ईटीएफ. ताईच्या लग्नात दागिना घडवायचाय? मग वेढणं, पक्क्या पावतीसकट.