जामीनदाराची पत आणि नकारपत्रातील कारण

नागपुरात इतवारीतील एखाद्या व्यापाऱ्याचे कर्ज जामीनदार मामांच्या थकबाकीमुळे नाकारले गेले, तर बँकेपुढे दोन मार्ग असतात. नकारपत्रात मामांचा सिबिल स्कोअर आणि थकीत हप्ते सविस्तर लिहिले, तर भाच्याला कारण लगेच उमगते. पण मामांनी घरातही न सांगितलेली अडचण नातेवाइकांत पसरू शकते आणि ते नुकसान भरून निघत नाही. दुसऱ्या मार्गात ‘जामीनदाराच्या पतमाहितीमुळे अर्ज नामंजूर’ एवढेच अर्जदाराला कळवून तपशील फक्त जामीनदाराला दिला जातो. मला हाच मार्ग न्याय्य वाटतो, कारण अर्जदाराला दुसरा जामीनदार शोधण्यापुरते कारण मिळते (पत्र याहून मोघम मात्र नसावे), आणि मामांना वर्षातून एकदा मोफत मिळणारा स्वतःचा पत अहवाल तपासून त्यातील चूक २००५ च्या पतमाहिती कायद्यानुसार दुरुस्त करून मागता येते.