आरपीएम हातात, मशीन डेबियनचं: एलियन, डिस्ट्रोबॉक्स की फ्लॅटपॅक?

हवं ते सॉफ्टवेअर फक्त आरपीएममध्ये (फेडोरासारख्या लिनक्सचं पॅकेज) मिळतंय आणि मशीनवर डेब पॅकेज वापरणारं डेबियन किंवा उबुंटू आहे. अशा वेळी हमखास सुचवलं जातं ते एलियन. आरपीएमचं डेब, डेबचं आरपीएम करून देणारं हे जुनं पर्लमधलं साधन. माझ्याकडेही ते आहे, पण बाकी सगळं करून झाल्यावर मी त्याकडे वळतो.

कारण एलियन पॅकेजचं भाषांतर करत नाही, फक्त खोकं बदलतं. आतल्या फायली तशाच राहतात. मूळ पॅकेजमधली डिपेंडन्सीची (प्रोग्रामला लागणाऱ्या इतर पॅकेजांची) यादी नव्या खोक्यात येत नाही, कारण दोन्हीकडची नावंच वेगळी. फार तर मशीनवर आधीच असलेल्या लायब्ररी ओळखून तेवढ्या नोंदवल्या जातात. जी नाही तिच्याबद्दल चकार शब्द नाही. इन्स्टॉल करताना चालणाऱ्या स्क्रिप्टही, तुम्ही मुद्दाम सांगितल्याशिवाय, गळतात.

एकदा असंच एक छोटं टूल बदलून घेतलं. डीपीकेजीने (डेब बसवणारी कमांड) निमूटपणे बसवलं, पण चालवलं तर 'लायब्ररी सापडत नाही'. एलडीडी (प्रोग्रामला कोणत्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) लावून पाहिलं, तिथेही 'नॉट फाउंड'. गंमत म्हणजे लायब्ररी पॅकेजमध्येच होती! ती गेली होती /यूएसआर/लिब६४ मध्ये, फेडोराच्या सवयीने. डेबियनचा लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधणारा भाग) मात्र /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू मध्ये शोधत होता. लोडरच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ घालून एलडीकॉन्फिग (लोडरची यादी ताजी करणारी कमांड) चालवलं आणि काम झालं. हे सुटण्यासारखं होतं. पण प्रोग्राम ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ मागत असेल आणि तुमच्याकडे डेबियन ११ ची २.३१ असेल, तर खोकं कितीही वेळा बदला, तो चालणार नाही.

तिथे डिस्ट्रोबॉक्स, म्हणजे दुसरं लिनक्स आपल्या मशीनवर कंटेनरमध्ये चालवणारं साधन, सरस ठरतं. कंटेनर चालवणाऱ्या पॉडमन किंवा डॉकरवर फेडोराचा कंटेनर उभा करायचा, आत शिरून डीएनएफने (फेडोराचं पॅकेज बसवणारं साधन) तेच आरपीएम बसवायचं. पॅकेज आपल्या घरीच असतं, ग्लिबसीही तिथलीच, डिपेंडन्सी डीएनएफ स्वतः आणतं. मग एक्स्पोर्टची कमांड दिली की आयकॉन तुमच्या मेनूत. डिस्कवर जास्तीची जागा जाते, ती जाऊ द्यावी. एवढंच लक्षात ठेवा, की ही तिजोरी नव्हे: तुमचं होम फोल्डर आतूनही उघडं असतं. अनोळखी पॅकेज 'कंटेनरमध्येच तर आहे' म्हणून बिनधास्त चालवू नका.

ग्राफिकल अ‍ॅप असेल तर आधी फ्लॅटहब, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणाऱ्या फ्लॅटपॅकचं भांडार, बघा. अपडेट तिथूनच मिळतात, आणि आरपीएम-डेबचा प्रश्नच उरत नाही. पहिल्या अ‍ॅपबरोबर रनटाइमचं (सामायिक लायब्ररींचा संच) मोठं डाउनलोड येतं, आणि सँडबॉक्समुळे (बाकी मशीनपासून वेगळं ठेवणारं कुंपण) कधी एखादं फोल्डर दिसत नाही. ती परवानगी फ्लॅटसील या परवानग्या बदलण्याच्या साधनातून देता येते. कमांड-लाइन टूलसाठी मात्र फ्लॅटपॅक अवघडच. अ‍ॅपइमेज मिळाली तर उत्तम, न बसवता चालणारी एकच फाइल. फक्त उबुंटू २२.०४ वर त्यासाठी लागणारी लिबफ्यूज२ आधीपासून नसते, ती टाकावी लागते.

मग एलियन कधी? फॉन्ट, डेटा फायली, किंवा सगळं /ऑप्टमध्ये स्वतःच्या लायब्ररींसकट ठेवणारा प्रोग्राम असेल तेव्हा खुशाल. अपडेटचं ओझं मात्र तुमच्या डोक्यावर: नवी आवृत्ती आली की पुन्हा डाउनलोड, पुन्हा रूपांतर. कर्नल (लिनक्सचा गाभा) मॉड्यूलवाला ड्रायव्हर असेल तर वरचा एकही मार्ग नको. डिस्ट्रोबॉक्समध्येही कर्नल यजमान मशीनचाच असतो. तिथे आपल्याच डिस्ट्रोचं पॅकेज किंवा डीकेएमएस (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधणारं साधन).

रूपांतर केलंच, तर बसवण्याआधी डीपीकेजीच्या -सी (छोटं सी) पर्यायाने आतली यादी वाचा. त्यात लिबसी (मूळ सी लायब्ररी) किंवा इनिटच्या (मशीन सुरू करणाऱ्या पहिल्या प्रोग्रामच्या) फायली दिसल्या, तर ते डेब तिथेच डिलीट करा. एलियनच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येही हेच बजावलंय.